पोच न आलेला निरोप

समजा तुम्ही वडिलांबरोबर पुण्याहून मुंबईला आगगाडीने निघाला आहात. लोणावळे मागे पडले आणि गाडी बोरघाट उतरू लागली. एवढ्यात आठवण होते की परीक्षेचे ४५० रुपये शुल्क भरण्याचा आजचा शेवटचा दिवस आहे! वडिलांचा मोबाइल हातात घेऊन तुम्ही रक्कम लिहिता, ते गुप्त अंक घालतात, बटण दाबले जाते आणि नेमकी त्याच क्षणी गाडी बोगद्यात शिरते. पडद्यावर एक चक्र फिरू लागते. बोगदा संपतो, दुसरा सुरू होतो, चक्र फिरतेच आहे. शेवटी 'प्रतिसाद मिळाला नाही' अशी अक्षरे उमटतात.

शुल्क भरले गेले की नाही? पुन्हा बटण दाबावे तर कदाचित नऊशे रुपये जातील. न दाबावे तर कदाचित परीक्षेला मुकावे लागेल. प्रस्तुत लेखकाने अशाच एका प्रसंगी घाईने दुसऱ्यांदा बटण दाबले होते आणि दुप्पट पैसे भरले होते. ते परत मिळाले, पण आठवडाभर जिवाला घोर लागला तो लागलाच.

बोगद्यात रेडिओलहरी पोचत नाहीत, डोंगराआड त्या क्षीण होतात, गर्दीत एकमेकींत मिसळतात. यावर कोणाचाही पूर्ण इलाज नाही. तरीही रोज कोट्यवधी लोक मोबाइलवरून पैसे देतात, तिकिटे काढतात, निकाल पाहतात, आणि बहुतेक सर्व व्यवहार बिनचूक पार पडतात. वाट बेभरवशाची असताना तिच्यावरून भरवशाचा व्यवहार कसा काय होतो, ते आज आपण पाहू.

मनीऑर्डरची पोच

आजी-आजोबांना विचारा. मुंबईच्या गिरणीत काम करणारा चाकरमानी दर महिन्याला गावी मनीऑर्डर करीत असे. गावचा पोस्टमन घरी पैसे देई, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेई आणि सहीचा तो लहानसा तुकडा उलट टपालाने मुंबईला परत येई. त्याला 'पोच' म्हणत. पोच हाती पडली म्हणजे चाकरमानी निश्चिंत होई.

मोबाइल आणि दूर कोठेतरी असलेला मध्यवर्ती संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, यांच्यामधला व्यवहारही पोचेवरच चालतो. मोबाइल निरोप पाठवतो. सर्व्हर तो मिळाल्याची पोच धाडतो. ठरलेल्या मुदतीत पोच आली नाही तर मोबाइल तोच निरोप पुन्हा पाठवतो. नियम इतका साधा आहे. पण यात एक मेख आहे: पोचही त्याच बेभरवशाच्या वाटेने परत येते!

थोडा हिशेब करू. समजा, या वाटेवर दर दहा निरोपांमागे सरासरी एक हरवतो. (हा आकडा सोयीसाठी मुद्दाम मोठा घेतला आहे.) आपण १०० निरोप पाठवले. त्यांपैकी १० जातानाच हरवले, ९० पोचले. त्या ९० निरोपांच्या ९० पोचा परत निघाल्या. त्यांतल्या ९ वाटेत हरवल्या, ८१ परत आल्या. म्हणजे १९ निरोपांची पोच आली नाही. आता नीट पाहा. या १९ पैकी १० निरोपांचे काम झालेलेच नाही. परंतु ९ निरोपांचे काम पूर्ण झालेले आहे! पाठवणाऱ्याला मात्र दोन्ही प्रकार अगदी एकसारखे दिसतात. त्याच्यासमोर नुसती शांतता असते.

'पोच आली नाही' याचा अर्थ 'काम झाले नाही' असा आपण सहज करून घेतो. वरच्या हिशेबात तो अर्थ जवळजवळ निम्म्या वेळा चुकतो. बोगद्यात तुमची झालेली पंचाईत ती हीच.

पुन्हा पाठवण्याचा फायदा किती, तेही याच हिशेबातून निघते. एका प्रयत्नात पोच न येण्याची संभाव्यता ०.१९ आहे. तीन प्रयत्न केले तर तिन्ही वेळा पोच न येण्याची संभाव्यता ०.१९ × ०.१९ × ०.१९, म्हणजे सुमारे ०.००७, हजारात सात. मात्र हा गुणाकार प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असेल तरच खरा. बोगद्यात एकापाठोपाठ एक दहा वेळा बटण दाबले तर दहाही वेळा एकच गोष्ट घडणार, कारण बोगदा तोच आहे. मध्ये थोडे थांबणे का आवश्यक असते, याचे एक कारण येथेच मिळते.

पोचेची पोच, तिचीही पोच

कोणी म्हणेल, सर्व्हरने पोच पाठवली की मोबाइलने त्या पोचेची पोच पाठवावी, म्हणजे झाले. ही कल्पना तपासून पाहण्यासारखी आहे.

दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन तुकड्या आहेत आणि मधल्या खोऱ्यात शत्रू आहे. दोन्ही तुकड्यांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय मिळेल. एकटीने केला तर ती नष्ट होईल. निरोप नेणाऱ्या जासुदाला खोऱ्यातूनच जावे लागते आणि तो पकडला जाण्याचा संभव असतो. पहिला सेनापती 'पहाटे हल्ला करू' असा निरोप पाठवतो. दुसरा 'मान्य' असे कळवतो. पण 'मान्य' पोचले की नाही हे दुसऱ्याला कसे समजणार? म्हणून पहिला त्याची पोच पाठवतो. आता ती पोचली की नाही, ही पहिल्याला काळजी! किती जासूद पाठवले म्हणजे दोघांचीही पूर्ण खात्री होईल?

उत्तर असे आहे की कितीही पाठवले तरी नाही. याची सिद्धता तुम्हाला समजेल, कारण √२ ही संख्या अपरिमेय आहे हे तुम्ही ज्या अप्रत्यक्ष पद्धतीने सिद्ध करता तीच येथे वापरायची. समजा, ठराविक संख्येच्या जासुदांत दोघांची खात्री करून देणारी एखादी योजना आहे. अशा सर्व योजनांपैकी सर्वांत कमी जासूद लागणारी योजना घ्या. तिच्यातला शेवटचा जासूद पकडला जाऊ शकतो. त्याला पाठवणाऱ्याला तो पोचल्याचे कधीच कळत नाही. तेव्हा तो पोचो वा न पोचो, पाठवणारा हल्ला करणारच. मग दुसऱ्यानेही त्या जासुदाशिवाय हल्ला करायला हवा, नाहीतर योजना फसेल. म्हणजे शेवटचा जासूद अनावश्यक ठरला! त्याला वगळले तर आणखी लहान योजना मिळते. पण आपण तर सर्वांत लहान योजना घेतली होती. ही विसंगती झाली, म्हणून अशी योजनाच असू शकत नाही.

हा प्रश्न १९७५ मध्ये अक्कोयुन्लू, एकनाधम व ह्यूबर यांनी एका निबंधात मांडला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचे नाव दिले. कितीही वेगवान मोबाइल आले तरी या सिद्धतेत फरक पडत नाही.

तेव्हा अभियंत्यांनी प्रश्नच थोडा बदलून घेतला. दोघांची एकाच क्षणी पूर्ण खात्री होणे शक्य नसेल तर नसो. पोच येईपर्यंत निरोप पुन:पुन्हा पाठवत राहणे शक्य आहे. तसे केले की एकच निरोप दोनदा, चारदा पोचेल. मग तो चारदा पोचला तरी काम एकदाच व्हावे, अशी व्यवस्था करता येईल का?

पुन्हा सांगितले तरी बिघडू नये

लिफ्टची वाट पाहणारा माणूस बटण पाच वेळा दाबतो. त्यामुळे पाच लिफ्ट येत नाहीत. 'दिवा लाव' हा हुकूम दहादा दिला तरी दिवा लागलेलाच राहतो. पण 'दिवा लागला असेल तर विझव, विझला असेल तर लाव' हा हुकूम दोनदा दिला तर सगळाच घोटाळा. संचांच्या पाठात तुम्ही अ ∪ अ = अ हा नियम शिकला आहात. एखाद्या संचाचा त्याच संचाशी कितीही वेळा संयोग केला तरी संच बदलत नाही. अशा क्रियांना बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८७० मध्ये 'आयडेम्पोटंट' असे नाव दिले. आपण त्यांना 'पुनरुक्तीने न बिघडणाऱ्या क्रिया' म्हणू.

आता 'खात्यातून ४५० रुपये वजा कर' हा हुकूम पाहा. तो दोनदा पोचला की ९०० वजा होतात. त्याला निरुपद्रवी कसे करायचे? युक्ती जुनीच आहे, कारकुनाच्या आवक-नोंदवहीची. निरोपावर क्रमांक घालायचा: 'निरोप क्रमांक ७३१, खात्यातून ४५० वजा कर.' सर्व्हरजवळ एक नोंदवही असते. निरोप आला की तो आधी वहीत ७३१ शोधतो. नसेल तर काम करतो, क्रमांक टिपून ठेवतो आणि पोच पाठवतो. असेल तर काम करीत नाही, मात्र पोच पुन्हा पाठवतो.

या शेवटच्या वाक्यात एक बारकावा आहे. जुना निरोप दिसताच सर्व्हर गप्प बसला तर? पहिली पोच वाटेत हरवली म्हणून तर मोबाइलने निरोप पुन्हा पाठवला होता. गप्प बसल्यास मोबाइल बिचारा पाठवतच राहील. म्हणून काम एकदाच करायचे आणि पोच मात्र मागेल तितक्या वेळा द्यायची.

दुसरा बारकावा क्रमांकाच्या जन्मवेळेचा. क्रमांक मोबाइलनेच, पहिल्यांदा निरोप पाठवण्यापूर्वी द्यायचा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच ठेवायचा. दर वेळी नवा क्रमांक दिला तर नोंदवहीचा काही उपयोग नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर तुम्ही पहिल्यापासून रक्कम लिहून नव्याने बटण दाबता तेव्हा नेमके हेच होते. तुमच्या दृष्टीने तो जुनाच व्यवहार असतो, पण सर्व्हरच्या दृष्टीने नवा क्रमांक म्हणजे नवा व्यवहार.

पण लाखो मोबाइल आपापले क्रमांक ठरवू लागले तर दोघांचा एकच येणार नाही का? येऊ शकेल, पण संभव नगण्य करता येतो. नाणे १२२ वेळा उडवून छापा-काटा लिहून काढले तर २ चा १२२ वा घात इतके निरनिराळे क्रम मिळू शकतात. ही संख्या ५ वर ३६ शून्ये याहूनही मोठी आहे. मोबाइलमध्ये अशाच यदृच्छ अंकांचे १२८ द्विमान अंकी क्रमांक बनवतात. त्यांतले सहा अंक प्रकार दाखवण्यासाठी राखलेले असतात. क्रमांकासाठी सर्व्हरला विचारण्याची गरज पडत नाही, हा मोठा लाभ.

जाता जाता एक कोडे. निरोप एका वेळी एकच पाठवायचा, पोच आल्याखेरीज पुढचा पाठवायचा नाही आणि वाटेत निरोप मागेपुढे होत नाहीत, असे असेल तर इतक्या मोठ्या क्रमांकांची गरजच नाही. ०, १, ०, १ असे दोनच क्रमांक आलटूनपालटून पुरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील तिघा संशोधकांनी हे १९६९ मध्ये दाखवले. का पुरतात, याचा विचार तुम्ही करा.

रस्त्यावरून धावणारी गाडी

हे सर्व मोबाइलच्या जमान्यातले नवे ज्ञान आहे असे वाटत असेल तर एक जुनी हकीकत ऐका. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हमरस्त्यावरून एक बंद गाडी चालली होती. तिच्या आत संगणक व रेडिओयंत्र होते. गाडीतून निघालेली माहिती रेडिओने जमिनीवरच्या जाळ्यात शिरली, अमेरिका ओलांडून उपग्रहामार्गे युरोपात नॉर्वे व लंडनपर्यंत गेली, पुन्हा उपग्रहामार्गे परतली आणि लॉस एंजेलिसच्या परिसरातील एका संगणकापाशी पोचली. सरळ अंतर पाच-सहाशे किलोमीटरचे. पण जाऊन-येऊन या माहितीने सुमारे दीड लाख किलोमीटरचा फेरा घातला आणि तरीही काही गळाले नाही. चालत्या गाडीतला तो संगणक म्हणजे आजच्या मोबाइलचा पणजोबाच.

या प्रयोगात जो नियमसंच वापरला त्याचे नाव टीसीपी. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी त्याची कल्पना मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. माहितीचे लहान लहान तुकडे करतात, त्यांना पॅकेट म्हणतात. टीसीपीमध्ये पॅकेटांना नव्हे तर त्यांतल्या प्रत्येक बाइटला ओळीने क्रमांक असतो. घेणारा पोच देताना 'अमुक क्रमांकापर्यंतचे सर्व मिळाले, आता पुढचे पाठवा' असे सांगतो. यात एक गंमत आहे. 'तीन हजारांपर्यंत मिळाले' ही पोच हरवली आणि मागून 'चार हजारांपर्यंत मिळाले' ही आली तर आधीची हरवल्याचे काहीच दु:ख नाही!

एक पॅकेट पाठवून पोचेची वाट पाहत बसणे मात्र परवडत नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पॅकेट वर जाऊन खाली यायचे, मग पोच वर जाऊन खाली यायची: एकूण १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३,००,००० किलोमीटर धरून, यालाच जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला दोनच पॅकेटे! म्हणून पोचेची वाट न पाहता काही पॅकेटे एकामागून एक सोडतात. पोच न आलेली किती पॅकेटे वाटेवर असू द्यायची ती मर्यादा म्हणजे 'खिडकी'. पोच येईल तशी खिडकी पुढे सरकते.

मग पुन्हा पाठवण्यापूर्वी किती थांबावे? थोडे थांबलो तर पोच वाटेवर असतानाच उगाच दुसरी प्रत जाते. फार थांबलो तर वेळ वाया जातो. म्हणून यंत्र आपल्या अनुभवातून शिकते. पोच यायला लागणाऱ्या वेळेचा जुना अंदाज सात-अष्टमांश आणि ताजे मोजमाप एक-अष्टमांश घेऊन नवा अंदाज करतात. जुना अंदाज २०० मिलिसेकंद, ताजे मोजमाप ३६० मिलिसेकंद; तर नवा अंदाज १७५ + ४५ = २२० मिलिसेकंद. एका उशिराने यंत्र घाबरत नाही, पण उशीर वारंवार होऊ लागला तर हळूहळू धीर धरायला शिकते. मुदत ठरवताना या अंदाजावर, वेळ किती कमीजास्त होते ते पाहून, थोडी भर घालतात.

हा धीर नसला तर काय होते ते ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून केवळ चारशे यार्डांवरचे बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० द्विमान अंकांवरून एकाएकी ४० वर कोसळला! तार तुटली नव्हती. वाटेवर गर्दी झाल्याने पोचा उशिरा येऊ लागल्या. उशीर झाला म्हणून प्रत्येकाने पुन्हा पाठवले. त्याने गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसन यांनी या दुखण्याचा अभ्यास करून १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केले. पॅकेट हरवणे ही गर्दीची खूण समजून वेग कमी करायचा. पोच आलीच नाही तर वाट पाहण्याची मुदत दर वेळी दुप्पट करायची, १ सेकंद, २, ४, ८ अशी. आणि सुरुवात नेहमी बेताने करायची.

या थांबण्यात थोडी यदृच्छाही मिसळावी लागते. दारात दोघे समोरासमोर आले, दोघेही डावीकडे सरकले, मग दोघेही उजवीकडे, असे तुम्ही अनुभवले असेल. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांतील संगणक रेडिओने जोडले तेव्हा हीच अडचण होती: दोन केंद्रे एकदम बोलली की दोघांचेही निरोप बिघडत. उपाय केला तो असा की प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. आपल्या घाटातली गाडी बोगद्याबाहेर येते तेव्हा शेकडो मोबाइल एकाच क्षणी जागे होतात. सगळ्यांनी बरोबर एका सेकंदाने प्रयत्न केला तर सगळेच अडतील. म्हणून मोबाइलमधला चांगला प्रोग्राम ठरलेल्या मुदतीत थोडी यदृच्छ वेळ मिळवतो.

ताळा

निरोप पोचला, पण जसाच्या तसा पोचला का? गणिताच्या तासाला आपण उत्तराचा ताळा पाहतो, तसाच ताळा प्रत्येक पॅकेटबरोबर जातो. कोणत्याही अलीकडच्या पुस्तकाच्या पाठीवर १३ अंकी क्रमांक असतो. त्याच्या अंकांना डावीकडून क्रमाने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज केली तर तिला १० ने नि:शेष भाग जातो; शेवटचा अंक त्यासाठीच जोडलेला असतो. एक अंक चुकला तर ताळा जमत नाही. मात्र शेजारच्या १ आणि ६ यांची अदलाबदल झाली तर ही चूक निसटते, कारण १ + १८ = १९ आणि ६ + ३ = ९, फरक बरोबर १० चा. कोणताही ताळा सर्वच चुका पकडत नाही. पॅकेटांसाठी याहून मोठे व कसून केलेले ताळे वापरतात.

मोबाइल व टॉवर यांच्यामधला ताळा चुकला तर दुसरी प्रत मागवतात. ४जी यंत्रणेत पहिली बिघडलेली प्रत फेकून न देता दुसरीशी जुळवून दोन्हींतून मिळून खरा मजकूर शोधतात. अर्धवट ऐकू आलेले वाक्य दुसऱ्यांदाही अर्धवटच ऐकले तरी आपल्याला ते लागते, तसेच हे.

टॉवरपाशी ताळा, पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ताळा, मग शेवटी सर्व्हरने पुन्हा ताळा कशाला पाहायचा? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत याचे उत्तर फार महाग पडून मिळाले. तेथे जाळ्याच्या प्रत्येक टप्प्यावर ताळा होता, म्हणून माहिती सुरक्षितच पोचते असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले. मधल्या एका संगणकात दोष निर्माण झाला. आलेली माहिती पुढच्या टप्प्यासाठी उतरवून घेताना सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा त्यातील जोडीची अदलाबदल होई. चूक तारेवर घडत नव्हती, दोन तारांच्या मध्ये, संगणकाच्या पोटात घडत होती; तेथे ताळा नव्हता! कित्येक प्रोग्राम हळूहळू बिघडत गेले आणि शेवटी जुन्या छापील प्रतींशी हाताने ताडून ते दुरुस्त करावे लागले. सॉल्टझर, रीड व क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात ही हकीकत देऊन असे प्रतिपादन केले की खरी खात्री दोन टोकांनीच करून घेतली पाहिजे.

फोनचा बदलता पत्ता

टेबलावरचा संगणक एका जागी असतो. मोबाइल घरातल्या वायफायवरून रस्त्यावरच्या टॉवरवर जातो तेव्हा जाळ्यातला त्याचा पत्ता बदलतो. टीसीपी आपला संबंध दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून ओळखतो. पत्ता बदलला की संबंध तुटतो. भाड्याची खोली बदलल्याबरोबर पोस्टमनने ओळख दाखवू नये, तसा हा प्रकार. मे २०२१ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेल्या 'क्विक' या नियमसंचात प्रत्येक संबंधाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच, म्हणून बोलणे पुढे चालू राहते.

आणि जाळे तासन्‌तास मिळालेच नाही तर? सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर आरोग्यसेविका बालकांना लस टोचते आणि प्रत्येकाची नोंद मोबाइलमध्ये करते, असे समजा. तेथे टॉवर नाही. नोंद हरवली तर मूल लस न घेतलेले समजले जाईल. दोनदा गेली तर लशीचा हिशेब चुकेल. अशा वेळी मोबाइलमध्ये एक टपालपेटी करतात. नोंद होताच तिला क्रमांक देऊन ती आधी मोबाइलच्या स्वत:च्या कायम स्मृतीत लिहायची; मगच 'नोंद झाली' असे पडद्यावर दाखवायचे. संध्याकाळी सेविका जाळ्याच्या टप्प्यात आली की पेटीतली पत्रे एकेक करून जातात. पत्र पेटीतून काढून टाकायचे ते पोच आल्यावरच.

सर्व्हरनेही पोच केव्हा द्यावी याला शिस्त आहे. निरोप वाचल्याबरोबर पोच दिली आणि तो तबकडीवर लिहिण्याआधीच वीज गेली तर? मोबाइलने पेटीतले पत्र काढून टाकले, सर्व्हरकडे ते उतरले नाही: नोंद कायमची गेली. म्हणून आधी लिहायचे, मग पोच. शिवाय लशीची नोंद आणि नोंदवहीतला क्रमांक ही दोन्ही एकत्रच लिहिली गेली पाहिजेत. दोन्ही तरी, नाहीतर एकही नाही. नोंद झाली पण क्रमांक टिपण्यापूर्वी यंत्र बंद पडले तर पुढच्या खेपेला तीच नोंद पुन्हा होईल. उलट क्रमांक आधी टिपला तर नोंद राहून जाईल आणि सर्व्हर खुशाल 'मिळाले' म्हणून पोच देईल. माझ्या मते सगळ्या प्रकरणात प्रोग्राम लिहिणारे सर्वांत जास्त येथेच चुकतात, कारण वीज नेमकी त्या क्षणी जाईल असे कोणालाच वाटत नाही.

पुन्हा घाटात

आता बोगद्याबाहेर येऊ. आपल्या देशात २०१६ पासून चालू असलेल्या यूपीआय पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो. चक्र फिरून थांबले तर पैसे नव्याने न पाठवता आधी इतिहासात त्या व्यवहाराची स्थिती पाहावी. यशस्वी, अयशस्वी किंवा प्रलंबित यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. 'प्रलंबित' म्हणजे दोन टेकड्यांमधला जासूद अजून परतलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशा प्रसंगासाठी मुदत घातली आहे. खात्यातून रक्कम वजा झाली पण विक्रेत्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. यंत्रांनी जे कोडे पूर्ण सुटत नाही ते उरलेसुरले हिशेब ताडून, माणसांच्या नियमांनी सोडवावे लागते.

वर्गात करून पाहा

चार विद्यार्थी, एक फासा आणि कागदाच्या चिठ्ठ्या घ्या. एक जण मोबाइल, एक सर्व्हर आणि दोघे वाट. सर्व्हरजवळ वाटाण्यांची वाटी. मोबाइलने 'एक वाटाणा काढ' अशी चिठ्ठी द्यायची. वाटेवरच्या विद्यार्थ्याने प्रत्येक चिठ्ठीसाठी, पोचेच्या चिठ्ठीसाठीसुद्धा, फासा टाकायचा. १ पडला तर ती चिठ्ठी गुपचूप खिशात घालायची. तीसपर्यंत मोजूनही पोच आली नाही तर मोबाइलने चिठ्ठी पुन्हा पाठवायची. वीस वाटाणे काढवायचे आहेत.

पहिल्या डावात चिठ्ठ्यांवर क्रमांक घालू नका आणि शेवटी किती वाटाणे निघाले ते मोजा. दुसऱ्या डावात क्रमांक घाला आणि सर्व्हरला एक वही द्या. तिसऱ्या डावात गुरुजींनी किंवा बाईंनी मध्येच केव्हातरी 'वीज गेली' असे म्हणायचे. त्या क्षणी सर्व्हर झालेल्याने हातातला वाटाणा असो की पेन्सिल, ती खाली ठेवून उठायचे आणि त्याच्या जागी दुसऱ्याने येऊन बसायचे. नव्याला वाटी आणि वही एवढेच दिसेल. वहीत कोणत्या क्रमाने काय लिहून ठेवले असते तर त्याचा घोटाळा झाला नसता, ते चौघांनी मिळून ठरवा आणि पुन्हा डाव मांडा.